सहावी धून

चैत्र संपत आला की आमच्या कॅम्पात लग्नाच्या तिथींची बोलणी सुरू होतात. लोकांना मोगरा आठवतो, जिलबी आठवते. मला घाम फुटतो. परवा संध्याकाळी बाजारातल्या गल्लीतून यंदाचा पहिला बँड गेला. मी ब्लाउजला हूक लावत होते. ट्रम्पेटचा पहिला सूर आला आणि सुई बोटात गेली. हातातलं टाकून मी उठले, मोबाइल उघडला आणि त्यातल्या सहा धुना जागेवर आहेत ना, ते पाहिलं. होत्या. पुन्हा बसले, पुन्हा उठले, कपाटात पेन ड्राइव्ह आहे ना, तेही पाहून आले. वर्ष झालं तरी माझं हे सुटलेलं नाही.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, कुत्र्याला भिते, अनोळखी नंबरला भिते आणि ओटीपी आला की माझी तर पाचावर धारण बसते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. विलास, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तुझ्यामागे एक नाही, त्यांची वरात असते." तो ओझरच्या कारखान्यात आहे. रोज विमानाच्या पोटात शिरून काम करतो, त्याला काय कळणार मोबाइलवरचं एक बटण दाबायला दोन दिवस का लागतात ते.

पण गेल्या वर्षीच्या लग्नसराईतली भीती वेगळी होती. ती पालीची नव्हती, अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं बँडमास्तर. क्लॅरिनेट वाजवायला ते इथेच, कॅम्पात, लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका हवालदाराकडे शिकले, त्यामुळे त्यांच्या बँडाला शिस्त होती. लाल कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पितळी वाद्यं राखेने आणि चिंचेने घासून लखलखीत. निघण्याआधी अण्णा क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती तोंडात भिजत ठेवायचे आणि ती तशीच गालात धरून आईला सांगायचे, "जेवायला थांबू नका." त्या पत्तीमुळे त्यांचा आवाज चपटा, ओला यायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील कामावर जाताना असंच बोलतात.

त्या लग्नसराईआधीच्या माघात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू थोडी थोडी परतली, वाचा मात्र परतली नाही. मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. डोळे उघडे असायचे, पण त्या डोळ्यांत मी नसायचे. मी भात भरवायला बसले की ते माझ्याकडे असे पाहायचे, जसं एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडे पाहावं. आणि ते घाबरायचे. कॅम्पात तोफांचा सराव चालतो. इथे जन्मलेलं तान्हं मूलही त्या आवाजाला दचकत नाही. अण्णांचा सगळा जन्म त्या आवाजात गेलेला. आता लांबवर तोफ वाजली, खिडकीच्या काचा नुसत्या किणकिणल्या, तरी ते डाव्या हाताने चादर डोक्यावर ओढून घेत. त्या चादरीखाली माझा बाप थरथरताना मी पाहिला आहे. त्या वेळी मला वाटायचं, घाबरायचं काम माझं आहे हो अण्णा, तुम्ही नका घाबरू.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मॅडम येत. तरुण होत्या, पण बोलणं मोजकं. एकदा त्यांनी मला बाहेर ओट्यावर बोलावलं. "ताई, शब्द परत यायचे तर ते याच दिवसांत. पुढे पुढे अवघड होत जातं. त्यांच्या ओळखीचं संगीत रोज थोडं ऐकवा. कधीकधी बोलणं अडतं तिथून गाणं वाट काढतं. पण एक करा, मध्येच तोडू नका. तुटलं की ते बिथरतात."

अवघड होत जातं, एवढंच मला ऐकू आलं. समोर मशीनवर लग्नघरांचे ब्लाउज पडलेले, सगळ्यांना तिथीच्या आत हवे असलेले. आणि माझ्या घरात एक माणूस दिवसादिवसाने लांब चाललेला, त्याची तिथी कुणालाच माहीत नाही.

ओळखीचं संगीत म्हणजे काय, हे ठरवायला वेळ लागला नाही. मी तिसरीत असताना अण्णांच्या बँडाची एक कॅसेट निघाली होती. मुंबईहून एका कॅसेट कंपनीचा माणूस आला होता, नाशिकरोडच्या एका हॉलमध्ये खिडक्यांना गोधड्या लावून दिवसभर रेकॉर्डिंग झालं. आमच्या घरातली कॅसेट कधीच झिजून गेली. पण विलासने मोबाइलवर शोधलं, तर कुणीतरी त्या जुन्या कंपनीच्या कॅसेटी विकत घेऊन इंटरनेटवर चढवलेल्या निघाल्या. 'लग्नाच्या बँडधुना'. खाली बँडाचं नाव, वादकाचं नाव नाही. धुनांनाही नावं नाहीत. धून एक, धून दोन, अशा सात.

पहिली लावली. अण्णांची फुंक मी हजारांत ओळखीन. सूर सोडताना ते शेवटी जरासा मऊ करत. आणि चादरीवर अण्णांचा डावा हात हलला. बोटं एकामागून एक दाबली जात होती. मी विलासचा दंड इतका घट्ट धरला की त्याला वळ उठला. दोन मिनिटं झाली असतील. अचानक धून तुटली आणि एक माणूस कर्ज घेण्याविषयी कानठळ्या बसतील अशा आवाजात ओरडू लागला.

जाहिरात होती. फुकट ऐकवणारं अ‍ॅप, ते मध्ये मध्ये जाहिरात घुसवणारच. पण अण्णांना ते कुठून कळणार? त्यांच्या वाजत्या बँडात कुणीतरी घुसून आरडाओरडा केला होता. त्यांनी मोबाइल ढकलून दिला. तोंडातून असा आवाज आला की शेजारची बाई धावत आली. पुढे तीन दिवस मोबाइल दिसला तरी ते तोंड फिरवत.

त्या तीन दिवसांत मी ठरवलं, या धुना विकत घ्यायच्या. आपल्या करून घ्यायच्या.

आता हसू येतं, पण संगीत विकत घ्यायचं दुकान निवडणं हे मला साडीचं दुकान निवडण्याइतकं सोपं वाटलं होतं. चार ठिकाणी जायचं, माल हातात घेऊन बघायचा. पण इथे हातात घ्यायला काही नव्हतंच. आधी विलास म्हणाला, "त्याच अ‍ॅपला महिन्याचे पैसे भरू, जाहिराती बंद." एक दिवस मीही तयार झाले. पण आमच्या गल्लीत रेंज नवऱ्यामुलासारखी रुसते. आणि त्याच अ‍ॅपवर मी माझ्या आवडीची काही जुनी गाणी साठवली होती, त्यातली दोन एका सकाळी करडी पडलेली दिसली. खाली लिहिलेलं, 'हे गाणं आता उपलब्ध नाही.' का नाही, कुणी नेलं, काही नाही. उद्या अण्णांची फुंक अशी करडी पडली तर मी कुणाच्या दारात जाऊन भांडणार होते?

मग मी 'मोफत डाउनलोड' असं लिहिलं. ते पान उघडताच लाल अक्षरं उड्या मारू लागली, मोबाइल थरथरला आणि तुमच्या फोनमध्ये सतरा व्हायरस शिरले आहेत, अशी सूचना आली. मी मोबाइल तांदळाच्या डब्यात घालून वर झाकण लावलं. का, ते विचारू नका. पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवतात एवढं मला माहीत होतं. संध्याकाळी विलासने तो बाहेर काढला, पान बंद केलं आणि हसून हसून बेजार झाला. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणाऱ्यांतली मी. त्यानंतर प्रत्येक दुकानाच्या पानावर मी दाराबाहेर चप्पल काढून उभी राहिल्यासारखी उभी राही.

एक मोठं दुकान मिळालं. चकचकीत, विश्वासाचं वाटणारं. तिथे 'खरेदी करा' असं स्पष्ट लिहिलं होतं. मी खूश झाले. विलास मात्र कारखान्यातला माणूस, त्याला बारीक अक्षरं वाचायची सवय. तो म्हणाला, "मंदा, हे वाच. धून घेतली तरी ती त्यांच्याच अ‍ॅपात वाजणार. त्यांनी दुकान बंद केलं की आपलीही बंद."

"मग विकत घेतलं म्हणजे काय?"

"म्हणजे त्यांच्या घरात आपली वस्तू ठेवायचे पैसे दिले."

दुसरं दुकान लहान होतं. परदेशातलं, साधं पांढरं पान. तिथे लिहिलं होतं की पैसे भरल्यावर फाइल तुमच्या मोबाइलमध्ये उतरेल, ती कितीही ठिकाणी उतरवून ठेवा, इंटरनेट नसतानाही वाजवा. एक हलकी फाइल, एक जड. जड फाइलमध्ये आवाज जास्त भरलेला. एकेक धून सुटी घ्यायचीही सोय. मला सगळं पटलं आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. इतकं सरळ बोलणारा माणूस लबाड तर नसेल? कार्डाचा नंबर घालायचा, तोही सातासमुद्रापलीकडे. दोन दिवस मी ते पान उघडायचे आणि बंद करायचे. एकदा चुकून बोट नमुन्यावर पडलं. अर्ध्या मिनिटाचा नमुना, तो आत अण्णांच्या खोलीपर्यंत गेला आणि ऐन ओळीत कापला गेला. अण्णा उठून बसले होते. पुढची ओळ येण्याची वाट बघत होते. ती आली नाही. मी दाराआडून त्यांचा चेहरा पाहिला आणि शपथ घेतली, यापुढे नमुना नाही. कानात घालायच्या त्या वायरीवरही माझा भरवसा नव्हता. निसटली आणि मोठ्याने वाजलं तर?

सुट्या धुना घ्यायचं कारण दगडूमामा. हे सख्खे मामा नव्हेत. अण्णांच्या बँडात ढोल वाजवायचे, भगूरला राहतात, दर गुरुवारी बसने येऊन अण्णांच्या पायाशी बसतात. त्यांना मी सात धुनांचं सांगितलं, तसे ते गंभीर झाले.

"त्यात पाठवणी असंल," ते म्हणाले. "ती नको घेऊ."

"का हो मामा?"

"का काय? घरात पाठवणी वाजवतात का? आजारी माणसाफुडं तर नायच नाय. मास्तरांचाच नियम व्हता."

होताच. सनईवाले, बँडवाले यांचे आपले कायदे असतात. अण्णा घरी सगळ्या धुनांचा सराव करत. मारुतीच्या दर्शनाला नवरदेव निघतो तेव्हाची, जावई रुसतो तेव्हाची, जेवणाच्या पंगतीची. पाठवणी मात्र घराच्या चार भिंतींत कधी फुंकली नाही. ती वाजली म्हणजे काम संपलं. तिच्यानंतर बँड दुसरं काही वाजवत नाही, वाद्यं पुसून पेटीत ठेवतो आणि मागे वळून न बघता निघतो. आम्हां पोरांना त्याआधीच घरी पिटाळत. कॅसेटही अण्णांनी घरात कधी पूर्ण वाजू दिली नव्हती, त्यामुळे नीट अशी पाठवणी मी कधी ऐकलीच नव्हती. माझ्या स्वतःच्या लग्नातही नाही. तिथे अण्णा लाल कोट घालून उभे राहिले, क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि त्यांच्याकडून फुंक जाईना. मग दगडूमामांनी नुसता ढोल धरला, आणि मी फक्त ढोलावर सासरी गेले.

"कितवी असेल मामा पाठवणी?"

मामांनी मांडीवर बोटं मोजली. "सहावी. सहावीला हातच लावू नको."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर विलास आणि मी मोबाइल घेऊन बसलो. सहावी सोडून एकेका धुनेपुढच्या चौकोनात बरोबरची खूण केली. कार्डाचा नंबर त्याने घातला. ओटीपी मी वाचून दाखवला, आणि तो वाचताना माझा आवाज पाळणाघरातल्या पोरासारखा झाला होता. एक गोल फिरत राहिला. मी मनात म्हणाले, गेले पैसे, गेलं कार्ड, गेलं घर. मग सहा फाइली एकामागून एक उतरल्या. विलासने मोबाइलचं इंटरनेट बंद केलं आणि पहिली लावली. वाजली. कुणाच्या परवानगीशिवाय, कुणाच्या उपकाराशिवाय, आमच्या घरात. मी रडले. तो म्हणाला, "आता कशाला?"

त्यानंतर रोज दुपारी मी अण्णांना पहिली आणि दुसरी ऐकवायचे. तेवढीच. तिसरी लावायचं धाडस होत नव्हतं. न जाणो, त्यात काही खरखर असेल, काही तुटलेलं असेल. बोटं रोज हलत. डोळे मात्र परके ते परकेच. मॅडम आल्या की वहीत काहीतरी लिहीत आणि मी त्यांच्या पेनाकडे पाहत राही.

अक्षय्य तृतीया जवळ आली तसं ऊन वाढलं. दुपारी डांबर मऊ व्हायचं, बाजारात कैऱ्यांचा आणि गजऱ्यांचा वास एकत्र यायचा. एका गुरुवारी विलास रजा घेऊन घरी होता म्हणून मी अस्तराचं कापड आणायला बाहेर पडले. मोबाइल अण्णांच्या उशाशी ठेवला, पहिली लावली, विलासला सांगितलं, "दोन झाल्या की बंद कर." तो अंगणात स्कूटर धुवत होता. 'हो' म्हणाला. पुरुषांचा 'हो' किती खोल जातो ते आपल्याला माहीत असतं, तरी आपण जातो.

दुकानात दगडूमामा भेटले. गुरुवार होता ना. नातीच्या झबल्याला लेस बघत होते. मी आनंदाने सांगितलं, मामा, तुम्ही म्हणालात तशी सहावी सोडली, बाकी सगळ्या घेतल्या. पहिली लागते ती कसली सुंदर आहे, संथ.

"संथच असणार. गणपतीची ती."

"तीच. पहिली."

मामांच्या हातातली लेस तशीच राहिली. "गणपतीची पहिली कशी असंल? गणपती मोजत नसतात. त्यो मान असतोय, त्यो कामात धरायचा नाय. त्याच्या फुडून एक."

मला कळायला एक क्षण लागला. दुकानाने गणपतीही मोजला होता. दुकानाची सहावी ती मामांची पाचवी. पाठवणी शेवटीच असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामांची सहावी म्हणजे दुकानाची सातवी, आणि ती मी विकत घेऊन, जड फाइलमध्ये, अण्णांच्या उशाशी ठेवून आले होते.

कापड तिथेच टाकलं. मी धावले. पन्नाशीला आलेली बाई भर बाजारातून पदर खोचून धावते तेव्हा लोक वाट देतात. मनात हिशोब चालला होता, एकेक धून किती वेळाची, विलासने बंद केली असेल का, स्कूटर धुवून झाली असेल का. देवा, त्यांना काम संपलं असं वाटू देऊ नको. एवढंच म्हणत होते. ते वळतील, पेटी बंद करतील आणि मागे न बघता निघून जातील, आणि ते मी माझ्या हाताने, कार्डाने पैसे भरून केलेलं असेल.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि ढोल ऐकू आला. नुसता ढोल. तो ठेका मी कुठेही ओळखला असता. त्याच ठेक्यावर मी एकदा सासरी निघाले होते. मग त्या ढोलावर क्लॅरिनेट आलं. माझ्या लग्नात न आलेलं. तरुण अण्णांची फुंक, भरलेली, आणि कशामुळे कोण जाणे, फार घाईची. हॉलमधला तो मुंबईचा माणूस टेप संपतेय म्हणून हातवारे करत असावा, इतकी घाईची.

विलास नळाशी पाठमोरा होता. मी त्याला हाक मारली नाही. दारापर्यंत पोचले, एक पाय आत टाकला आणि थांबले. अण्णा पलंगावर उठून बसले होते. चादर खाली पडलेली. डावा हात त्यांनी खांद्याच्या उंचीवर धरला होता, तळवा खाली, मास्तर बँडाला सांभाळून घेताना धरतो तसा. ते माझ्याकडे बघत होते. एसटीतल्या बाईकडे नाही. माझ्याकडे.

ओठ हलले. आवाज चपटा होता, ओला होता.

"हळू घ्या रे," अण्णा म्हणाले. "पोरगी अजून उंबऱ्यातच हाय."

मी तशीच उभी राहिले, एक पाय आत, एक पाय बाहेर. धून संपेपर्यंत दुसरा पाय उचलायची माझी हिंमत झाली नाही.